जकातनाक्यावरून उठलेला माणूस

आज 21 सप्टेंबर. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत हा संत मत्तयाचा दिवस. चार शुभवर्तमानांतले पहिले ज्याच्या नावावर आहे, तो हा येशूचा शिष्य. शिष्य होण्यापूर्वी तो जकातदार होता. भिवंडीत ख्रिस्ती वस्ती थोडी. त्यात हे दिवस भाद्रपदाच्या धामधुमीचे, त्यामुळे हा सण शहराच्या लक्षातही येत नाही. तरीही भिवंडीने आणि खाडीपलीकडच्या कल्याणने हा दिवस आपला मानावा, असे आम्हांला मनापासून वाटते. त्यामागे या किनाऱ्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि या शहरातल्या कष्टकऱ्यांचे आजचे जगणेही आहे.

जकात काय असते हे भिवंडीला वेगळे सांगायला नको. 1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा कर लागू होईपर्यंत मुंबईच्या वेशीवरचे जकातनाके चालू होते. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत. भिवंडी त्या हद्दीबाहेर होती. माल आधी इथे उतरवायचा, साठवायचा आणि लागेल तेवढाच जकात भरून मुंबईत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडत असे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे, वळ या गावांतल्या भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली, त्याचे हे एक मोठे कारण. जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. कराची हद्द माणसांची वस्ती, जमीन आणि रोजगार कसा बदलून टाकते, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

मत्तय बसत असे तो नाका कफर्णहूमचा. गालील सरोवराच्या काठचे हे गाव हेरोद अंतिपाच्या राज्याच्या सीमेजवळ होते. सरोवरातली मासळी आणि वाटेने येणारा-जाणारा व्यापारी माल, दोन्हींवर तिथे कर घेतला जाई. वसुली मक्त्याने चाले. ठरलेली रक्कम सरकारजमा करायची आणि वर जे उरेल ते आपले, अशी ती पद्धत. त्यामुळे जकातदार जास्तीचे उकळणार हे लोकांनी धरूनच चाललेले असे. तो परक्या सत्तेच्या सोयीसाठी आपल्याच माणसांना नाडणारा ठरे, आणि धर्मनिष्ठ मंडळी त्याच्या पंगतीला बसत नसत. अशा माणसाला येशूने नाक्यावर पाहिले आणि आपल्यामागे यायला सांगितले. मत्तय उठला आणि निघाला. शुभवर्तमानात हा प्रसंग अवघ्या एका वचनात येतो. मार्क आणि लूक या माणसाला लेवी म्हणतात. परंपरेने दोघांना एकच मानले आहे.

आम्हांला त्या वचनाइतकाच त्याच्या पुढचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. मत्तय उठल्यावर लगेच जेवण होते. लूकने ते लेवीच्या घरचे मोठे जेवण म्हणून सांगितले आहे. पंगतीला जकातदार आहेत, गावाने पापी ठरवलेली माणसे आहेत आणि त्यांच्याबरोबर येशू बसला आहे. परूशी पंथाचे लोक शिष्यांना विचारतात की तुमचा गुरू असल्या लोकांबरोबर जेवतो कसा? येशू उत्तर देतो ते आजाऱ्याचे आणि वैद्याचे, आणि यज्ञापेक्षा दया मोठी हे होशेय संदेष्ट्याचे म्हणणे तो त्यांना पुन्हा शिकून यायला सांगतो. होशेयाची ही आठवण या प्रसंगात फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात येते. आणखी एक गोष्ट. बारा शिष्यांची यादी मार्क आणि लूकही देतात, पण त्या यादीत मत्तयाच्या नावापुढे ‘जकातदार’ असे लिहिलेले आहे ते केवळ त्याच्या नावच्या ग्रंथात. ज्या ओळखीची लाज वाटावी ती तिथे पुसलेली नाही. परंपरेने त्याला लेखक मानले त्यामागे या नोंदीचाही वाटा असावा असे आम्हांला वाटते.

लेखकत्वाचा प्रश्न मात्र सोपा नाही, आणि सणाच्या दिवशी तो टाळणे बरे नव्हे. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला पेपियस नावाचा बिशप सांगतो की मत्तयाने येशूची वचने हिब्रू बोलीत लिहून काढली आणि ज्याने त्याने ती आपल्या कुवतीप्रमाणे उलगडली. पेपियसचा मूळ ग्रंथ उरलेला नाही. चौथ्या शतकातल्या युसेबियसने त्यातले उतारे दिले म्हणून हे आपल्याला कळते. आज हाती असलेले शुभवर्तमान ग्रीक आहे. ते भाषांतरासारखे वाटत नाही आणि मार्कचा फार मोठा भाग त्यात जवळपास तसाच आला आहे. बहुतेक अभ्यासक ते इसवी सन 80 ते 90 च्या सुमारास रचले गेले असे मानतात. ग्रंथात लेखक स्वतःचे नाव कुठेच सांगत नाही. प्रत्यक्ष नाक्यावर बसलेल्या माणसानेच हे सगळे लिहिले, असे म्हणणारे अभ्यासक आज थोडे आहेत. त्याच्या आठवणी जपणाऱ्या मंडळीत हा ग्रंथ आकाराला आला, ही शक्यता आम्हांला अधिक पटते. ज्ञानदेव-नामदेवांच्या नावावरच्या अभंगांचा विचार करणाऱ्या मराठी वाचकाला ही गुंतागुंत नवीन नाही. नाव एकाचे आणि त्या नावाभोवती पिढ्यांची भक्ती, हे आपण जवळून पाहिले आहे.

मत्तयाच्या पुढच्या आयुष्याविषयी परंपरा एकमताने बोलत नाही. इथिओपियात त्याला हौतात्म्य आले असे पुष्कळजण सांगतात. उलट हेराक्लिऑन नावाचा दुसऱ्या शतकातला भाष्यकार त्याचा मृत्यू नैसर्गिक होता असे सुचवतो. त्याचे अवशेष म्हणून जे पूजले जातात, ते दहाव्या शतकापासून इटलीतल्या सालेर्नो शहरात आहेत. हिशेबनीस, सावकारी पेढ्यांवरचे लोक आणि करवसुली करणारे त्याला आपला पाठीराखा मानतात. चित्रांत त्याच्याजवळ पंखधारी मनुष्य दिसतो. मार्कचा सिंह, लूकचा बैल आणि योहानाचा गरुड. या साऱ्यांत एक लहानशी नोंद आम्हांला फार जवळची वाटते. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लिहितो की मत्तय दाणे, फळे आणि भाज्या खाऊन राहत असे, मांस खात नसे. वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला हा शिष्य एकदम ओळखीचा वाटावा.

हा क्लेमेंट ज्याच्यापाशी शिकला तो पँटेनस, आणि त्याच्यापाशी आलो की आपण आपल्याच खाडीच्या तोंडाशी येतो.

पँटेनस दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात अलेक्झांड्रियातल्या ख्रिस्ती विद्यापीठाचा प्रमुख होता. युसेबियस सांगतो की तो हिंदी लोकांच्या देशापर्यंत गेला. तिथे त्याला असे लोक भेटले की ज्यांच्याकडे मत्तयाचे शुभवर्तमान आधीच पोचलेले होते. बारा शिष्यांपैकी बर्थलमय त्यांच्यात येऊन गेला होता आणि हिब्रू अक्षरांतले मत्तयाचे लिखाण त्यांच्याजवळ ठेवून गेला होता, असे तो सांगतो. पुढे जेरोमने यात भर घातली की पँटेनस ती पोथी अलेक्झांड्रियाला परत घेऊन आला.

हा हिंदुस्थान नेमका कुठला? प्राचीन भूमध्य समुद्राकडचे लेखक दक्षिण अरबस्तानालाही हिंदुस्थान म्हणत आणि इथिओपियालाही. म्हणून अनेक इतिहासकार पँटेनसला एडनच्या पुढे येऊ देत नाहीत. पण विसाव्या शतकात ए. सी. पेरुमालिल या येशूसंघीय अभ्यासकाने बर्थलमयाचे कार्यक्षेत्र कल्याणच्या परिसरात होते असे मांडले. मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ही धारणा आजही आहे. हिब्रू पोथी कोकणात कोण वाचणार, असा प्रश्न इथे उभा राहतो. त्याला उत्तर म्हणून बेने इस्रायली ज्यूंकडे बोट दाखवले जाते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून त्यांचे पूर्वज इथे आले, अशी त्यांची कथा आहे. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली गेली. ठाण्यातले त्यांचे सिनेगॉग 1879 चे. पण ते कोकणात नेमके कधी आले हे ठरलेले नाही, त्यामुळे हा पुरावा भक्कम मानता येत नाही. बर्थलमय कल्याणला आला होता असे आम्ही ठामपणे म्हणणार नाही. इतिहासाला श्रद्धेची घाई लागली की दोन्हींचे नुकसान होते.

ठामपणे म्हणता येईल असेही पुष्कळ आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पुस्तकात सोपारा आणि कल्याण ही नावे एकापाठोपाठ येतात. तो लिहितो की थोरल्या सारगनाच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर झाले, पण पुढे सत्ता बदलली, अडथळे आले आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही झळ होती. कोणत्या बंदरात माल उतरावा आणि जकात कोणाच्या पदरात पडावी, याचीच ती ओढाताण. मत्तयाच्या नावचे शुभवर्तमान आकार घेत होते, त्याच शतकात कल्याणच्या खाडीत हे चालले होते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. भिवंडी तालुक्यातली लोनाडची बौद्ध लेणी याच व्यापारी मुलखातली.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा, व्यापार सोडून साधू झालेला माणूस लिहून ठेवतो की ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना उडुपीजवळचे कल्याणपूर असावे असे म्हणणारे आहेत. पण त्याच बंदरातून तांबे-पितळ, लाकूड आणि अंगावरचे कापड बाहेर जाते असे कॉस्मस सांगतो, तेव्हा कोकणातल्या कल्याणचे पारडे आम्हांला जड वाटते. दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनगावावरून भिवंडीत शिरताना यंत्रमागांची खडखड ज्यांच्या कानी पडते, त्यांना कापडाची ती नोंद परकी वाटणार नाही. पुढे 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला. ते उतरले होते एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे, आणि त्या वेळी ठाण्यात अशी काही घरे होती. त्यांच्या देहांचे दफन सोपाऱ्याला झाले. वास्को द गामा कालिकतला उतरला तो 1498 मध्ये. 1321 पासून पोर्तुगीजांची वसई आणि तिथली चर्चे यायला किमान दोन शतके होती. ठाणे-कल्याणच्या मुलखात ख्रिस्ती माणसे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून राहत होती. सिरियाक भाषेत प्रार्थना करणारी, बंदरावर व्यापार करणारी आणि कोणाच्याही राज्याच्या जोरावर न आलेली ही माणसे होती.

ही गोष्ट आज सांगण्याला कारण आहे. या पट्ट्यात ‘बाहेरचे’ हा शब्द फार सहज उच्चारला जातो. 1857 नंतर उत्तरेतून विणकर भिवंडीत आले. तेलंगणातून पद्मशाली आले. 1982 च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर मागांची संख्या आणि त्यांच्याबरोबर कारागिरांची गर्दी वाढली. आगरी आणि कोळी समाज इथले जुने रहिवासी, आणि गोदामांनी सर्वांत आधी त्यांच्या जमिनी घेतल्या. प्रत्येकाची तक्रार खरी आहे आणि प्रत्येकाला दुसरा उपरा वाटतो. या शहराने 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगलींत जे भोगले ते इथल्या जुन्या माणसांच्या आठवणीत अजून ओले आहे. पण याच शहराने 1988 मध्ये सुरेश खोपडे या पोलीस उपायुक्तांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, मागवाले, दुकानदार, मास्तर एका खोलीत नियमित बसू लागले, एकमेकांची नावे त्यांना कळू लागली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ज्यांच्याबरोबर बसायचे नाही असे ठरले आहे त्यांच्याबरोबर बसण्यात काय सामर्थ्य असते, हे भिवंडीने स्वतः करून दाखवले आहे. मत्तयाच्या घरच्या पंगतीचे महत्त्व या शहराइतके कोणाला कळावे?

मराठीशी या शुभवर्तमानाचे नाते खूप जुने आहे. फादर स्टीफन्सच्या 1616 च्या ‘क्रिस्तपुराणा’त येशूचे चरित्र ओवीत आले आणि त्यात ज्ञानी पुरुषांच्या भेटीसारखे मत्तयाकडचे प्रसंगही आहेत. विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी बायबलाचे काम हाती घेतले, तेव्हा पहिले छापले गेले ते मत्तयाचे शुभवर्तमान, 1805 मध्ये. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावी केलेले भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे. दिब्रिटोंना त्यासाठी 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला.

या शुभवर्तमानात पैशांचे, कर्जाचे, मजुरीचे जितके प्रसंग आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या धर्मग्रंथात असतील. एका दृष्टांतात राजा आपल्या चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे कर्ज त्याने एका शब्दात सोडून दिले. तो चाकर बाहेर पडला आणि शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा त्याने धरला. ज्याने आयुष्यात वसुली केली आहे अशाच माणसाच्या संगतीत हे आकडे सुचावेत. उचल घेऊन वर्षानुवर्षे एकाच मागावर अडकलेला कारागीर ही गोष्ट ऐकेल तेव्हा त्याला टीकाकाराची गरज पडणार नाही.

दुसरा दृष्टांत विसाव्या प्रकरणातला, आणि पहिल्यासारखाच तोही इतर तिन्ही शुभवर्तमानांत नाही. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे नाक्यावर जाऊन दिवसाच्या एका दीनारावर मजूर ठरवतो. पुन्हा नऊ वाजता जातो, दुपारी जातो, तीन वाजता जातो. दिवस मावळायला तास उरला असताना गेला, तरी तिथे काही माणसे उभीच होती. तुम्ही दिवसभर रिकामे का, असे विचारल्यावर ती सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. तोही त्यांना मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. सकाळी आलेले कुरकुरतात. आपल्याकडच्या गोदामवाल्याच्या हिशेबात ही गोष्ट बसणार नाही. पण त्या धन्याच्या डोळ्यांसमोर एक साधी गोष्ट होती: एका तासाच्या मजुरीवर त्या माणसाच्या घरची चूल पेटणार नव्हती. दिवसभर उभे राहण्यात त्याचा काही दोष नव्हता.

भिवंडीच्या नाक्यांवर रोज सकाळी माणसे उभी असतात. ट्रक खाली करायला, गठ्ठे वाहायला, कुठेही जायला तयार. महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो उभा राहिला आणि इतर राज्यांनी हेवा करावा असा आहे. तरी गोदामांच्या या जंगलात नोंद नसलेला, मुकादमाच्या वहीतही पुरा न येणारा मजूर पावलोपावली भेटतो. यंत्रमागावर मीटरच्या दराने बारा-बारा तास राबणाऱ्या कारागिराला बाजार मंदावला की आठवड्याचे दोन-तीन दिवस घरी बसावे लागते. त्या दिवसांचे पैसे कोण देणार? ज्याला कोणी कामावर लावलेच नाही त्याचाही दिवसाच्या भाकरीवर हक्क आहे, असे कोणी म्हटले की आजही व्यवहारी माणसे हसतात. आमच्या मते ते हसणे चुकीचे आहे आणि मत्तयाचा धनी बरोबर आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या शिक्षकांना आमची विनंती आहे. कल्याण-भिवंडीचा इतिहास शिकवताना 1657 चा शिवरायांचा विजय आणि खाडीतल्या मराठी आरमाराचा आरंभ आपण अभिमानाने सांगतो, तो सांगावाच. त्याबरोबर कान्हेरीतली कल्याणच्या दात्यांची नावे, पेरिप्लसमधली पहाऱ्यात नेलेली जहाजे, कॉस्मसने नोंदलेला इराणी बिशप आणि 1321 च्या ठाण्यातली ख्रिस्ती घरे हेही मुलांना सांगा. खाडी त्यांना रोज दिसते. तिच्यातून कोण कोण आले हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. मागमालकांना आणि गोदामवाल्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की मत्तयाच्या शुभवर्तमानाचे विसावे प्रकरण आज एकदा वाचावे. पहिली सोळा वचनेच पुरेत. मराठीत ती 1805 पासून छापलेली आहेत.